पाळण्याच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत

बाळ यायच्या आधी आणि बाळ रांगायला लागल्यावर घरात काय बदलावं, याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमचा वन बीएचके फ्लॅट आहे, सातवा महिना सुरू आहे. बाळाला वेगळी खोली देता येणार नाही, बेडरूमचाच एक कोपरा करणार आहोत. दुकानात उशा, लोड, कठड्याला बांधायच्या गाद्या, रजई असा अख्खा संच घ्यायला सांगतात. यातलं खरंच काय लागतं? (होणारी आई, पिंपरी-चिंचवड)

वेगळी खोली नाही याची खंत नको. पहिले सहा महिने तरी बाळानं आईबाबांच्या खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर झोपावं, असाच बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. तुमच्या पलंगावरून हात पोहोचेल इतक्या अंतरावर बाळाची खाट असली की झालं.

संच मात्र घेऊ नका. बाळाला लागते एक घट्ट, सपाट गादी आणि तिच्यावर ताणून बसणारी सुती चादर. तळहातानं दाबून हात उचलला की गादी लगेच पूर्ववत व्हायला हवी. खळगा राहत असेल तर ती गादी बाळासाठी मऊ आहे. गादी आणि खाटेची बाजू यांच्यात दोनपेक्षा जास्त बोटं जात असतील तर बाळाचं तोंड त्या फटीत अडकू शकतं. फटीत चादरीच्या घड्या कोंबून भागवू नका, मापाची गादी करून घ्या. गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरहून जास्त नको. त्याहून रुंद फटीतून बाळाचं धड सरकून बाहेर जातं आणि डोकं आत अडकतं.

उशी, लोड, रजई, कठड्याच्या गाद्या, मऊ खेळणी यांतलं काहीही पहिलं वर्षभर झोपायच्या जागी ठेवू नये. तीन-चार महिन्यांच्या बाळाचं नाक मऊ कापडात दबलं तर मान वळवून ते सोडवायची ताकद त्याच्यात नसते, आणि ते रडतही नाही. थंडी असेल तर पांघरुणाऐवजी अंगात एक थर वाढवा. झोपवायचं पाठीवरच, दिवसाही आणि रात्रीही. पुढे बाळ दोन्ही बाजूंना आपलं आपण वळायला लागलं, की झोपेत पालथं झालं तरी सारखं उलटवत बसायची गरज नाही. झोपवताना मात्र पाठीवरच ठेवा.

कोपरा निवडताना वर बघा. फळी, फोटोफ्रेम, घड्याळ, एसीचं युनिट यांच्या खाली खाट नको. खिडकीपासून आणि पडद्याच्या दोरीपासून ती लांब हवी. एसी लावायचा तर २४ ते २६ अंशांवर, झोत थेट अंगावर येणार नाही असा.

बऱ्याच घरांत बाळ आईच्या कुशीतच झोपतं, हे आम्हाला माहीत आहे. तसं असेल तर निदान जमिनीवर घट्ट गादी घाला, ती भिंतीपासून दूर ठेवा, बाळाच्या बाजूला उशी-पांघरूण येऊ देऊ नका. बाळ दिवस भरायच्या आत झालं असेल, जन्मताना अडीच किलोच्या आत असेल, किंवा शेजारी झोपणारं कुणी तंबाखू-विडी ओढत असेल, दारू प्यायलं असेल, झोपेची गोळी घेत असेल, तर एका अंथरुणात मुळीच नको. सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन डोळा लागणं सगळ्यात धोक्याचं.

प्रश्न : घरात सागवानी पाळणा आहे, माझी तिन्ही मुलं त्यातच वाढली. आता नातवासाठी माळ्यावरून काढला आहे. सून म्हणते, वापरू नका. मुलगा म्हणतो, पॉलिश करून वापरू. शिवाय दुपारसाठी साडीची झोळीही बांधायची आहे. (आजी, सातारा)

पाळणा चांगला असेल तर तो टाकून द्यायचं कारण नाही, पण पॉलिश हे शेवटचं काम. आधी टेप घेऊन बसा.

गजांमधलं अंतर मोजा. जुन्या पाळण्यांत ते ८-९ सेंटिमीटर असणं सर्रास आढळतं. तसं असेल तर सुताराकडून मध्ये एकेक गज वाढवून घ्या. बाजूनं कापड गुंडाळून फट झाकणं हा उपाय नाही, कापड सैल होतं. मग एकेक गज धरून फिरवून बघा. फिरला तर खाचेतला सांधा सुटलेला आहे, तो फेविकॉल आणि लाकडी पाचर घालून पुन्हा बसवावा लागेल. नुसता खिळा ठोकला तर लाकूड चिरतं आणि पाळणा हलता हलता खिळा वर येतो. कोपऱ्यांवरच्या पितळी फुल्या, मोर, लोंबते गोंडे काढून ठेवा.

पाळण्याला तेलरंग असेल तर तो किती जुना आहे ते आठवा. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नसावं असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं भरपूर असू शकतं, आणि दात येताना बाळ कठडाच चावतं. असा रंग कोरड्या पॉलिशपेपरनं घासू नका, धूळ घरभर होते. पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरनं, घराबाहेर, गरोदर बाई आणि मुलं जवळ नसताना घासा. भुसा ओल्या फडक्यानं टिपून फेका. नवा रंग बाळ यायच्या निदान महिनाभर आधी देऊन पाळणा उघड्यावर वाळू द्या.

आता कडी. पाळणा पडतो तो लाकूड मोडल्यामुळे क्वचितच, बहुतेकदा टांगणीमुळे. स्लॅबमध्ये ओतलेला जुना लोखंडी हूक असेल तर जिथे कडी घासते तिथे बोट फिरवा. तिथे खाच पडलेली असते. जाडी चौथ्या हिश्श्यानं जरी कमी झाली असेल तरी तो हूक निवृत्त करा. नवा हूक लावायचा तर १० किंवा १२ मिलिमीटरचा अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) असलेला, थेट काँक्रीटमध्ये. पीओपीच्या खोट्या छतात नाही, आणि पंख्याच्या हुकात तर नाहीच. बसवल्यावर २० लिटरचे भरलेले दोन कॅन त्याला टांगून रात्रभर ठेवा, थोडे झोकेही द्या. बाळ आणि पाळणा मिळून वजन याच्या निम्म्यानं भरेल, पण झोक्याचा ताण वेगळा असतो.

उघड्या तोंडाचे एस-आकाराचे हूक बदला. मोठं भावंड जोरात झोका देतं, साखळी क्षणभर सैल होते आणि कडी हुकातून उसळून निघते. त्याजागी बोल्टनं बंद होणारे डी-शॅकल वापरा, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात. दोरीपेक्षा साखळी बरी. नायलॉनची दोरी घासते तिथे आतून तुटत जाते आणि वरून कळत नाही.

पाळणा थांबलेला असताना पूर्ण सपाट राहिला पाहिजे. पाण्याची अर्धी भरलेली बाटली गादीवर आडवी ठेवली की उतार लगेच दिसतो. उतार असेल तर बाळ घसरत एका टोकाला जातं आणि हनुवटी छातीला टेकते. गादी ५ सेंटिमीटरच्या वर जाड नको, तिच्यापासून कठडा किमान २० सेंटिमीटर उंच हवा, आणि पाळण्याचा तळ जमिनीपासून फूटभरच वर. चिमण्यांचं झुंबर बाळाच्या हाताला लागेल असं नको. बाळ कुशीवर वळायला किंवा हातांवर छाती उचलायला लागलं, म्हणजे साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात, पाळणा उतरवायचा. नातू फार लाडका म्हणून त्याला त्यात बसवू नका, बसलेलं बाळ कठड्यावरून उलटतं.

झोळीबद्दल आमचं मत कडक आहे. झोळीत बाळाची पाठ कमानीसारखी वाकते, मान पुढे झुकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. दोन्ही बाजूंचं कापड तोंडावर मिटतं. कमी वजनाच्या आणि लवकर जन्मलेल्या बाळाला झोळी नकोच. इतरांना रडं थांबवण्यापुरती, समोर बसून, आणि डोळा लागला की उचलून सपाट अंथरुणावर. स्वयंपाकघरातून दोरीनं झोका देत राहणं बंद करा. साडी नायलॉनची नको, सुती हवी. मोठ्या मुलांना झोळीशी खेळू देऊ नये, पीळ पडून गळ्याला फास बसल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

प्रश्न : सासूबाई आंघोळीनंतर बाळाला धुरी देतात, उशाशी कापराची पुरचुंडी ठेवतात, गळ्यात काळा दोरा आहे, डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी आहे. काय चालेल आणि काय नाही, हे कुणीतरी बाहेरच्यानं सांगितलं तर घरात ऐकतील. (वाचक, जळगाव)

आजींचा हात बाळाला हवाच. तेलमालीश, कोमट पाण्याची आंघोळ, सुती कुंची, गाणी, मांडीवरची झोप, सगळं चालू राहू दे. बदलायच्या आहेत पाच गोष्टी, आणि प्रत्येकीचं कारण आजींना पटेल असं आहे.

धुरी बंद करा. शेगडीतल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बाळंतिणीची खोली तर मुद्दाम बंद ठेवलेली असते. वावडिंग-ओव्याचा धूर बाळाच्या श्वासनलिकेला सुजवतो. ओल कोरडी करायची तर मानेच्या, काखेच्या, जांघेच्या वळ्या मऊ पंचानं टिपा. बाजेखाली शेगडी ठेवायची पद्धत असेल तर तीही थांबवा. कपड्याचं टोक लोंबून पेटलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

कापूर खोलीबाहेर. एखादी वडी जरी बाळाच्या पोटात गेली तरी काही मिनिटांत आकडी येऊ शकते. कापूर असलेलं छातीला चोळायचं मलम दोन वर्षांच्या आत लावू नये. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब डॉक्टरांना विचारून घाला.

डांबर गोळ्यांचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, पण तो आम्ही मुद्दाम करतो. ट्रंकेतून काढलेली दुपटी, लोकरीची टोपडी, गोधड्या यांना या गोळ्यांतल्या नॅफ्थलिनचा वास असतो. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. आपल्याकडच्या काही समाजांत हे प्रमाण लक्षणीय आहे. अशा बाळाच्या तांबड्या पेशी या वाफेनं फुटतात आणि कावीळ इतकी वाढू शकते की मेंदूला इजा होते. बाळाचे कपडे डांबर गोळ्यांच्या ट्रंकेतले नकोतच, धुतलेले आणि उन्हात वाळवलेले वेगळे ठेवा. कपड्यांत घालायला कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

राईची उशी काढा. पिशवीची शिवण उसवली तर मोहऱ्या नाकातोंडात जातात, आणि उशी म्हणून ती मान पुढे ढकलते ते वेगळंच. डोक्याचा चपटेपणा घालवायचा उपाय निराळा आहे. बाळ जागं असताना, समोर कुणी बसलेलं असताना त्याला पालथं घाला, पहिल्या आठवड्यात दोन-तीन मिनिटं, मग हळूहळू वाढवत जा. झोपवताना डोकं आज या टोकाला, उद्या त्या टोकाला ठेवा. बाळ उजेडाकडे मान वळवतं, त्यामुळे दाब एकाच बाजूला येत नाही.

गळ्यातला दोरा आणि ताईत काढा, तो खाटेच्या खुंटीत अडकला तर फास होतो. मनगटाला किंवा पायाला बांधायचाच असेल तर आत करंगळी सहज फिरेल इतका सैल, आणि दर आठवड्याला तपासून. बाळ महिन्याला अर्धा-पाऊण किलो भरतं, दोरा तेवढाच राहतो. वाळ्यांची घुंगरं एकेक ओढून बघा. पातळ तारेनं जोडलेलं घुंगरू सुटतं आणि ते बरोबर घशात बसेल एवढं असतं. सणापुरते वाळे घालून लगेच काढले तर उत्तम.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. ओळखीच्या मराठी कुटुंबाकडून एक बाजू खाली सरकणारी लाकडी खाट फुकट मिळते आहे. घ्यावी का? (वाचक)

नको. खाली सरकणाऱ्या बाजूची खाट अमेरिकेत २८ जून २०११ पासून विकायला बंदी आहे. सरकपट्टीचं प्लॅस्टिक तुटलं की बाजू एका टोकाला सुटते आणि त्या फटीत बाळ अडकतं. दुसऱ्या कुणाला देऊही नका, सुटी करून मोडीत काढा. तिथेच मे २०२२ च्या कायद्यानं कठड्याच्या गाद्या आणि झोपायच्या उतरत्या खुर्च्याही बंद झाल्या आहेत, त्यामुळे त्याही जुन्या सामानातून घेऊ नका.

प्रश्न : डासांसाठी काय वापरावं? कॉइल, लिक्विड की मच्छरदाणी? (वाचक, पनवेल)

मच्छरदाणी, आणि ती दिवसाही. डेंगीचा डास दिवसा चावतो हे लक्षात असू द्या. छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी चालते, पण बाळ जाळी ओढायला लागलं की ती त्याच्या अंगावर कोसळते, तेव्हा टांगायची मोठी मच्छरदाणी घ्या. कॉइल आणि उदबत्ती बंद खोलीत नको. लिक्विड लावायचं तर बाळ खोलीत नसताना, संध्याकाळी अर्धा तास, मग बंद करून खिडकी उघडून हवा खेळू द्या. रिकामी बाटलीही वरच्या कपाटात ठेवा, तळाशी उरलेला घोटभर द्रव बाळासाठी खूप असतो.

प्रश्न : चौदाव्या मजल्यावर राहतो. सोसायटी बाहेरून लोखंडी ग्रिल लावू देत नाही. तारांचं "अदृश्य ग्रिल" भरवशाचं असतं का? (वाचक, ठाणे)

नीट बसवलं तर असतं. मजबुती तारेत नव्हे, टोकांत असते. वरच्या आणि खालच्या पट्ट्या काँक्रीटमध्ये अँकरनं बसलेल्या हव्यात. नुसत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या चौकटीला स्क्रू मारलेले असतील तर ते काम नाकारा. तार ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची मागा, खाडीच्या खाऱ्या हवेत ३०४ ला लवकर गंज चढतो. दोन तारांत २ इंच अंतर ठेवा. ३ इंची स्वस्त पडतं, पण तारा ताणून फाकवल्या की अंतर वाढतं. दोन्ही हातांनी दोन तारा जोरानं फाकवून टेप लावा, १० सेंटिमीटरच्या आतच राहिलं पाहिजे. वर्षातून एकदा ताण पुन्हा आवळून घ्यायचा, हे कराराच्या कागदावर लिहून घ्या.

साधं लोखंडी ग्रिल करणाऱ्यांनी गज उभे ठेवावेत. आडव्या गजांची शिडी होते. कुठलंही ग्रिल असो, आगीच्या वेळी बाहेर पडायला एक झडप उघडणारी हवी आणि तिची किल्ली मोठ्यांच्या उंचीवर, त्याच खोलीत.

डासांची जाळी म्हणजे ग्रिल नव्हे. ती बाळाच्या वजनानं चौकटीसकट निघून येते. आणि खिडकीखालचा दिवाण, टीपॉय, शू-रॅक आजच हलवा. ग्रिल बसायला आठवडा लागतो, सामान हलवायला दहा मिनिटं.

प्रश्न : आठ महिन्यांची मुलगी रांगते, धरून उभी राहते. प्लग, कपाटं, बाथरूम यांत आधी काय करू? (बाबा, छत्रपती संभाजीनगर)

आधी बाथरूम. बादली बाळाला चार बोटं पाण्यातही बुडवू शकते. डोकं जड, हात आखूड, आत वाकलं की परत वर येता येत नाही. बादल्या रिकाम्या करून उलट्या ठेवा, पाणी साठवावंच लागत असेल तर झाकणाचं पिंप घ्या, आणि दाराला बाहेरून वरच्या बाजूला कडी लावा. गीझरचा थर्मोस्टॅट ५० अंशांवर आणा. आंघोळीला आधी गार पाणी, मग गरम, आणि पाणी ३७-३८ अंश, म्हणजे कोपराला कोमट लागेल असं. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर तो हवेशीर जागी बाहेर हलवा.

मग कपाटं. उभं राहायला शिकणारं मूल ड्रॉवर उघडून त्यावर पाय देतं आणि कपाट पुढे झुकतं. लोखंडी कपाट, चपलांचं कपाट, प्लॅस्टिकच्या ड्रॉवरांचा मनोरा, टीव्ही, सगळ्यांना मागून एल-पट्टीनं भिंतीशी जखडा. इथे नव्या इमारतींत हमखास चूक होते. आतल्या भिंती बहुतेक एएसी ब्लॉकच्या, ज्याला कारागीर सिपोरेक्स म्हणतात, त्या असतात. त्यात साधी प्लॅस्टिकची गिट्टी धरत नाही, हातानं ओढली तरी निघते. प्लॅस्टर खरवडून आत खिळा रुतवून बघा. राखाडी-पांढरी भुकटी सहज पडली तर तो ब्लॉकच. त्यासाठी खास नायलॉनचा अँकर मिळतो. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं, नाहीतर भोक ढिलं होतं. बसवल्यावर कपाटाची वरची कड धरून स्वतः जोरानं ओढून बघा.

वीज शेवटी घेतली, पण ती कमी महत्त्वाची म्हणून नव्हे. आपले स्विचबोर्ड बहुधा चार फुटांवर असतात, म्हणून खालची मोजकीच सॉकेट राहतात, टीव्हीमागची आणि पलंगाशेजारची. ती आयएसआय शिक्क्याची, आतून झडप असलेली बसवून घ्या. भोकात खुपसायची छोटी प्लॅस्टिकची झाकणं घेऊ नका, मूल ती उपटून तोंडात घालतं. घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारा. नसेल तर बाकीच्या खरेदीआधी तो बसवा. त्यावरचं "टी" लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. वीज लगेच गेली तर तो शाबूत. मोबाइलचा चार्जर काढून ठेवा, चालू चार्जरची लोंबती पिन बाळ चोखतं. टेबलफॅन उंचावर.

प्रश्न : वॉकर घ्यावा का? (वाचक, बेळगाव)

नाही. चालायला लवकर येत नाही, उलट जिना आणि गॅसची शेगडी चार पावलांवर येते. कॅनडानं २००४ सालापासून त्यावर बंदी घातली आहे.

प्रश्न : खेळणी घेताना काय बघावं, आणि काही गिळलंच तर काय करावं? (वाचक, रत्नागिरी)

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय शिक्का बंधनकारक आहे, तो बघा. सव्वातीन सेंटिमीटर व्यासाच्या भोकातून जी वस्तू जाते ती तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती नको. असं भोक पुठ्ठ्यात कापून ठेवा आणि घरातल्या वस्तू त्यातून घालून बघा. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, बाटल्यांची बुचं लगेच बाद होतील.

सर्वांत घातक आहे ती नाण्यासारखी लिथियमची बॅटरी. रिमोट, वजनकाटा, गाणारी खेळणी, दिवाळीचे चिनी दिवे यांत ती असते. अन्ननलिकेत अडकली की दोन तासांत भोक पडण्याइतकं भाजू शकतं. ज्या वस्तूचं बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद होत नाही ती बाळाच्या घरात नको. गिळल्याची नुसती शंका आली तरी एक्स-रे असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा, दवाखाना उघडायची वाट बघू नका. उलटी करवू नका, केळं-भात खायला घालू नका. मूल एक वर्षाच्या पुढचं असेल आणि गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी थांबू मात्र नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही.

औषध, फिनेल, रॉकेल पोटात गेलं तरी उलटी करवायची नाही. बाटली बरोबर घ्या. दिल्लीच्या एम्सच्या विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक चोवीस तास चालतो. तो आणि रुग्णवाहिकेचा १०८ फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावा.

घशात अडकलं आणि बाळ खोकतंय, रडतंय, तर खोकू द्या, पाठीत मारू नका. आवाजच येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरा आणि दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये तळव्यानं पाच थपडा द्या. मग उताणं करून छातीच्या मधोमध तळव्याच्या मनगटाजवळच्या भागानं पाच दाब. पाच-पाच असं आलटून पालटून, वस्तू बाहेर पडेपर्यंत. तोंडात बोट घालून चाचपडू नका, वस्तू आणखी आत जाते. दिसत असेल तरच काढा. बाळ निपचित पडलं तर १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि ते सांगतील तसं करत राहा.